ऐतवार आणि मोडा

हेदपाड्यात रविवार हा वार असून नसल्यासारखा होता. सोमवार महादेवाचा, मंगळवार गावदेवीचा, शनिवार मारुतीचा. बाजाराचा वार तर पोरांनाही पाठ. रविवार मात्र कोणाचाच नव्हता. तो शनिवारच्या मागून यायचा आणि माणसं रोजच्यासारखी पहाटे उठून शेताकडे निघून जायची. त्या वाराची वाट पाहणारा गावात एकच माणूस होता, आणि तोही गावात राहत नसे.

अनंता त्याचं नाव. अंगानं आडवा, बोलायला हळू. काही विचारलं की आधी दोनदा मान हलवायचा आणि मग उत्तर द्यायचा. तेवढ्यात विचारणाऱ्याला वाटे, याला काही येत नाही. बापामागं जमीन राहिली ती एका नांगराची आणि भाऊ दोन. धाकट्या बारकूचा हात बैलांवर चांगला बसलेला, म्हणून नांगर त्याच्याकडे राहिला आणि अनंता सन पस्तीसच्या दिवाळीनंतर खर्डीला रेल्वेच्या गँगमध्ये लागला. रुळांखालची खडी ठोकून बसवायची, सडलेले स्लीपर बदलायचे, पावसाळ्यात घाटाकडच्या दरडींवर नजर ठेवायची, असलं काम. सहा दिवस गँगचाळीत काढायचे. शनिवारी काम सुटलं की हातपाय धुऊन निघायचं, आणि अडीच कोस चालून दिवेलागणीनंतर घर गाठायचं. सोमवारी उजाडताना पुन्हा लाइनीवर उभं राहायचं असे, म्हणून रविवारी ऊन कलायच्या आत परतीची वाट धरायची.

सुट्टी मिळते याचं पहिल्यांदा त्याला मोठं अप्रूप होतं. गावाला सुट्टी हा शब्द माहीत नव्हता, पण सुट्टी माहीत होती. तिला मोडा म्हणत. मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत दर मंगळवारी गावदेवीचा मोडा. त्या दिवशी जमिनीला लोखंड लावायचं नाही. नांगर नाही, कुदळ नाही, विळा नाही. बैल गोठ्यात रवंथ करीत आणि माणसं ओट्यावर. बाया केस सोडून एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघत बसायच्या, जवळचं माहेर असलं तर जाऊन यायच्या. बापये ओढ्यावर चिंबोऱ्या पकडायला जायचे, कोणी पत्ते काढायचे, कोणी नुसतेच आढ्याकडे बघत पडून राहायचे, आणि त्यांना कोणी काही बोलायचं नाही. चिखलात सहा दिवस वाकलेली पाठ सातव्या दिवशी सरळ व्हायची. लहानपणी अनंताला वाटे, देवीनं हा दिवस आपल्यासाठीच काढून ठेवला आहे.

रेल्वेत लागल्यावर हा दिवस त्याच्या हातून गेला आणि त्याच्या बदली रविवार आला. रविवारी सकाळी तो उठायचा तेव्हा घर रिकामं असायचं. आई धोंडीबाई, बारकू, सगळी शेतावर. गावात उरायची ती कुत्री, कोंबड्या आणि ज्यांना चालवत नाही अशी दोन-तीन म्हातारी. पहिले काही रविवार तो शेतावर गेला. पण बारकूच्या हातातला नांगर मागावा तर बारकूचं तोंड पडे, आणि आई म्हणे, "तू बस रे अनंत्या. सा दिस घण मारून आलास. तुजा मोडा हाय आज." मग तो बांधावर बसे. सगळे राबताना एकटा बसलेला माणूस पाहिला की येणारे-जाणारे विचारीत, "काय रे, बरं नाय?"

सन सदतीसच्या वैशाखात त्याचं लग्न झालं. जिवली मुरबाडकडची. शिडशिडीत, कामाला वाऱ्यासारखी, आणि बोलताना अर्धं बोलून उरलेलं हातानं सांगणारी. धोंडीबाईला सून आवडली. अनंतालाही बायको आवडली, पण त्याला ती नीट दिसलीच नव्हती. शनिवारी तो पोहोचायचा तेव्हा अंधार पडलेला असायचा. चिमणीच्या उजेडात जेवण वाढणारा हात दिसायचा, कांकणं दिसायची, तोंडावरून अर्धं आलेलं लुगडं दिसायचं. रविवारी तो जागा होण्याआधी ती शेतावर. दुपारी तो खर्डीला निघायचा तेव्हा वाट शेताच्या कडेनंच जायची. भाताच्या आवणीत वाकलेल्या चार-पाच बायांतून एक बाई क्षणभर उभी राहायची, इरलं मागं सारून बघायची आणि पुन्हा वाकायची. तीच जिवली, हे त्याला इरल्यावरून ओळखू यायचं.

गँगमधला जोडीदार एकदा लग्नाची चेष्टा करीत म्हणाला, "बायकू गोरी का सावली रं?"

अनंतानं दोनदा मान हलवली आणि म्हणाला, "बगून सांगतो."

चाळ त्यावर महिनाभर हसत होती. तोही हसला, पण ते त्याच्या मनाला लागलं. त्या दिवसापासून त्याला एक गोष्ट हवी झाली. पैसा नको, लुगडं-चोळी नको. बायकोबरोबर एक दिवस. उजेडातला, सकाळपासून दुपारपर्यंत, जेव्हा तिलाही काम नाही आणि त्यालाही नाही.

सरळ माणूस, त्यानं सरळ वाट धरली. गँगचा मुकादम महिपत खर्डीचाच कुणबी, तोंडाचा फटकळ पण पोटात वाईट नव्हे. त्याला अनंतानं विचारलं, "मुकादम, माजा ऐतवार घेवा नि मंगलवार द्या. गावाला मोडा असतो."

महिपत पहारीवर हनुवटी टेकून बघत राहिला. "अरे, ऐतवार काय माज्या बापाचा हाय? तो सायबाच्या देवाचा मोडा. त्यांचा देव सा दिस राबला नि सातव्या दिसी बसला. म्हणून सायब बसतो, म्हणून मी बसतो, म्हणून तू बसतोस."

अनंतानं विचार केला. "मंग तो कंच्या कामावर होता?"

"कोण?"

"देव. सा दिस."

"दुनया बांदत होता म्हणं."

"मंग ती झाली ना बांदून. आता कंच्याबी वारी बसला तर काय हरकत?"

महिपतनं ही गोष्ट पुढं बरीच वर्षं सांगितली. पण मंगळवार त्यानं दिला नाही, आणि द्यायचं त्याच्या हातातही नव्हतं.

उरला गाव. देवीचा शब्द गावाला सांगायचा तो नामा भगतानं. म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं, दुसऱ्या डोळ्यानं माणूस आरपार बघायचा. आषाढातल्या एका रविवारी अनंता त्याच्या ओट्यावर जाऊन बसला. थोडी पावसाची, थोडी भाताची बोलणी झाल्यावर म्हणाला, "नामाबाबा, मोडा ऐतवारी केला तर?"

"कोणी?"

"गावानं."

"कोणासाठी?"

अनंतानं दोनदा मान हलवली. स्वतःसाठी म्हणायचं त्याला जड गेलं आणि बायकोसाठी म्हणायचं त्याहून जड.

शेजारी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त नवशा बसला होता, पायात काटा मोडला म्हणून शेतावर गेला नव्हता. तो म्हणाला, "बाबा, ह्याला बायकूचं तोंड बगायचंय."

नामा हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "पोरा, देवीचा वार काय बैल हाय का, ह्या दावणीचा सोडून त्या दावणीला बांदायला? माज्या आज्याच्या आज्यानं मंगलवार पाळला. रेल्वे आली काल. तिला सांग, तुजा वार हलव."

"तिला सांगितलं," अनंता म्हणाला. "ती बी आसंच बोलली."

एक देव इकडे, एक तिकडे, आणि दोघांच्या वारांत दोन दिवसांचं अंतर. ते कापायला अनंताकडे काही नव्हतं. आणखी एक वर्ष असंच गेलं. त्यानं पुन्हा कोणाला विचारलं नाही, पण जिवलीला मात्र सगळं कळलं होतं, कारण नवशाच्या तोंडात तीळ भिजत नसे. ती लाजली, मग विचार करू लागली, आणि सन एकोणचाळीसच्या श्रावणात तिनंच वाट काढली.

आवणी संपली होती. डोंगराच्या उतारावर, वरकस जमिनीत वरई पेरलेली होती आणि तिच्यात तण मातलं होतं. ते काढायचं काम बायांचं, आणि त्यातली एक पट्टी जिवलीच्या वाट्याची. शुक्रवारी भाकरी थापता थापता ती सासूला म्हणाली, "आत्याबाय, येत्या ऐतवारी मी घरी ऱ्हाईन. माज्या वाट्याची पट्टी मी मंग काढीन."

धोंडीबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "कंदी काढशील?"

"काढीन. तुमाला सांगाया लागनार नाय."

धोंडीबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. तिचा नवरा तिला शेतातच मिळाला होता आणि शेतातच गेला. नवऱ्याबरोबर बसून राहायचा दिवस तिनं कधी मागितला नव्हता. पण ती म्हणाली, "कांदा ने संगती. चिंबोऱ्यांत बरा लागतो."

त्या रविवारी दोघं भातसा नदीच्या डोहावर गेली. पावसाला उघाड होता. मडकं, तांदूळ, मीठ-मिरची आणि तो कांदा घेऊन जिवली पुढं, अनंता मागं. वाटेत ती दोनदा थांबली आणि म्हणाली, "तुमी फुडं चला." पण अनंता पुढं जाईना. त्याला तिचं चालणं बघायचं होतं. डाव्या पायावर ती किंचित जास्त भार देते, हे त्याला लग्नानंतर सव्वादोन वर्षांनी कळलं.

डोहाकाठच्या दगडांखाली हात घालून तिनं चिंबोऱ्या धरल्या. अनंताला एकही सापडली नाही. एकीनं त्याचं बोट पकडलं तेव्हा जिवली मोठ्यानं हसली, पदर तोंडावर न घेता. तिचा वरचा एक दात दुसऱ्यावर थोडा चढलेला होता. अनंता बोट झटकायचं विसरला.

"सोडवा की ती," ती म्हणाली. "का गँगमदी न्यायाची हाय?"

"ऱ्हाऊ दे. तुज्या गावची दिसते. सोडीत नाय."

"आमच्या मुरबाडकडच्या आशा बोटं धरीत नाय. सरल मनगट धरतात."

चुलीचे तीन दगड मांडून तिनं जेवण केलं. पळसाच्या पानावर दोघं जेवली. मग ती आसाणाच्या झाडाला टेकली, "जराशी पाठ टेकते" म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला.

अनंताला वाटलं, घटकाभरानं उठेल. घटका गेली, दुसरी गेली. ती झोपली होती तशी झोपलेलीच. आवणीच्या महिनाभराची, त्याच्या आधीच्या राब भाजण्याची, नांगरटीची, पहाटेच्या दळण-कांडणाची सगळी झोप तिला त्या झाडाखाली आली. तोंड अर्धवट उघडं, तळहात वर. चिखलात कुजलेल्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या होत्या. अनंतानं पळसाचं एक पान घेतलं आणि तिच्या तोंडावरच्या माशा वारीत बसला. तिच्या भुवईत एक जुना व्रण होता, आणि कानाजवळ बारीक तीळ. चाळीतल्या जोडीदाराला आता उत्तर देता आलं असतं. ती सावळी होती, आणि झोपेत गालावर ऊन आलं की तांबूस दिसायची.

तिला हाक मारावी असं त्याच्या मनात तीन-चारदा आलं. इतकं सांगायचं होतं. घाटातल्या बोगद्यांचं, विजेच्या इंजिनांचं, मुकादमाच्या देवाचं. पण त्यानं हाक मारली नाही. ती झोपली आहे आणि आपण तिला झोपू दिलं आहे, यातच त्याला काहीतरी मोठं मिळाल्यासारखं वाटत होतं.

ऊन झाडाच्या पलीकडं गेलं तेव्हा ती दचकून उठली. आधी सूर्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"उठवलं का नाय?"

"झोपली होतीस."

"झोपाया काय मी दिस मागून घेतला?" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सगला दिस गेला."

"जाऊ दे. फुडच्या येका ऐतवारी येऊ."

"येऊ?"

"येऊ की."

तो तिथूनच खर्डीच्या वाटेला लागला. ती मडकं कमरेवर घेऊन गावाकडे वळली. वळणावर थांबून तिनं हात केला, तो त्यानं दिवसाउजेडी पाहिला.

आता राहिली ती पट्टी. सोमवारी दिवसभर सासूबरोबर दुसऱ्या शेतात काम होतं. बुधवारी जातीतल्या एका घरी बारशाला हातभार लावायचा होता. सासूला शब्द दिलेला, तण तर दिवसागणिक वाढणारं. जिवलीनं मनाशी हिशेब केला. मोडा म्हणजे जमिनीला लोखंड लावायचं नाही. मग लोखंड न लावता नुसत्या हातानं गवत उपटलं, तर तो मोडा मोडला असं कसं म्हणायचं? रानात गेल्यावर बाया मोड्याच्या दिवशीही भाजीपाला खुडतातच. हे तिनं कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं, पण मग रविवार का घेतलास हेही बोलणं झालं असतं. मंगळवारी गाव ओट्यावर बसलेलं असताना ती विळा घरी ठेवून डोंगरावर गेली आणि दुपारपर्यंत पट्टी साफ करून आली. येताना शेजारची बाईजा भेटली. तिनं जिवलीच्या नखांतली माती बघितली आणि पुढं गेली.

शुक्रवारी संध्याकाळी त्याच उताराखाली वाघानं नवशाचा बैल मारला.

अनंता शनिवारी आला तोवर बाईजानं पाहिलेली नखांतली माती गावभर झाली होती. रविवारी सकाळी तो उठला, आणि गाव रिकामं नव्हतं. सगळी माणसं देवीच्या झाडाखाली जमली होती. एका रविवारी सगळा गाव घरी असावा, ही त्याची इच्छा होती. ती अशी पुरी झाली.

नामानं आवाज चढवला नाही. जिवलीला विचारलं, "बाय, मंगलवारी डोंगरावर होतीस?"

"व्हते."

"काय केलंस?"

"तण उपटलं. विला नव्हता न्हेला. लोखंड लावलं नाय, बाबा."

बायांत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, खरंच आहे, लोखंड कुठं लावलं. दुसरं कोणी म्हणालं, नख काय लोखंडापेक्षा मऊ असतं का. नामानं सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाला, "बाय, मोडा लोखंडाचा नाय. मोडा जमिनीचा. ती सा दिस उघडी पडते, सातव्या दिसी तिला निजू द्यायची. तू तिला उठवलीस. विल्यानं उठवली का हातानं उठवली, ती उठलीच ना?"

अनंता पुढं झाला. त्या दिवशी त्यानं मान हलवली नाही. "बाबा, वाघाला काय ठावं कंचा वार?"

"वाघाला नाय ठावं," नामा म्हणाला. "देवीला ठावं हाय. वाघ तिचा."

नवशा खाली बघत बसला होता. तो म्हणाला, "माजं काय मागणं नाय. बैल म्हातारा झाला व्हता. दोन वर्सांनी गेलाच असता." हे खोटं होतं. बैल पाच वर्षांचा होता, आणि भरल्या पावसात नवशाची बैलजोडी मोडली होती. तो खोटं बोलला हे सगळ्यांना कळलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. अनंतानं बारकूला सांगून आपला एक बैल त्याच्या कामाला द्यायला लावला. नवशानं तो घेतला, पण त्यानंतर तो अनंताची चेष्टा करीनासा झाला.

दंड झाला तो काहीच नव्हता म्हणायचा. देवीला एक नारळ, एक कोंबडी, आणि जिवलीनं पाच मंगळवार उपाशी राहून देवीला पाणी घालायचं. धोंडीबाई घरी आल्यावर सुनेला म्हणाली, "झालं ते झालं. पट्टी मी मागत नव्हते गो." यापलीकडं कोणी एक शब्द वावगा बोललं नाही. जिवलीला शिव्या दिल्या असत्या, तर कदाचित तिनं उलट उत्तर दिलं असतं आणि मोकळी झाली असती.

तिनं सगळं मनावर घेतलं. तिच्या हिशेबात वाघ मागं राहिला, बैल मागं राहिला. पुढं उभा राहिला तो तिनं मागून घेतलेला दिवस. जो दिवस कोणाचा नव्हता तो आपण आपला म्हणून घेतला, आणि जो देवीचा होता तो त्याच्या बदली दिला. ही अदलाबदल देवीनं मोडून काढली, असं तिनं धरलं. पुढच्या रविवारी ती कोंबडा आरवायच्या आधी उठून गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही. अनंतानं शेताच्या कडेनं जाताना हाक मारली, तर बाया थांबल्या आणि ती वाकलेलीच राहिली.

आश्विनात एकदा त्यानं तिला ओढ्याच्या वाटेवर गाठलं. तिच्या डोक्यावर गवताचा भारा होता. तो म्हणाला, "भारा दे."

"नको. जड नाय."

"जिवले, वाघ दर वर्सी येतो. तुला ठावं हाय."

"ठावं हाय." ती भाऱ्याखाली उभी होती, तोंड पुन्हा नीट दिसत नव्हतं. "तुमी दर ऐतवारी नका येत जाऊ. तुमी आलात का माजं मन घरात ऱ्हातं नि हात शेतात. त्यातूनच झालं समदं. होळीला या, दिवालीला या."

"नि मधी?"

"मधी मी हाय की हितं. कुठं जाते."

तो पुढचे दोन-तीन महिने आला, मग पंधरा दिवसांनी येऊ लागला, मग सणाला. लढाई जोरात आल्यावर लाइनीवर मालगाड्यांची रीघ लागली, आणि गँगला रविवारीही बोलावणं येऊ लागलं. बाकीचे गँगवाले कुरकुरत. अनंता कुरकुरत नसे. कोणाच्या घरी काही असलं तर म्हणायचा, "जा तू. तुजा ऐतवार मी करतो." एकदा-दोनदा आईच्या दुखण्याला गेला, आणि तिसऱ्यांदा गेला तो तिच्या दिवसांना. अनंता-जिवलीचा पाळणा हलला नाही. बारकूचं लग्न झालं, त्याला दोन पोरं झाली, ती अनंताला "रेल्वेकाका" म्हणत आणि दुरून बघत.

सन चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात सुट्ट्यांची पद्धत बदलली. लाइन एक दिवसही रिकामी ठेवायची नाही, म्हणून प्रत्येकाला आठवड्यातला वेगवेगळा वार वाटून दिला. महिपत मुकादम आता थकला होता, दात गेले होते. यादी वाचताना तो अनंताच्या नावाशी थांबला आणि बोळक्या तोंडानं हसला. "घे. मंगलवार. सायबाच्या देवानं ऐकलं रे तुजं."

अनंता सोमवारी संध्याकाळी निघाला. वाटेत त्याच्या पायांना घाई होती, पस्तिशीला टेकलेल्या माणसाला शोभणार नाही इतकी. सकाळी तो उठला, तर गाव ओट्यावर बसलेलं होतं. नऊ वर्षांत त्यानं हे पाहिलं नव्हतं. बैल गोठ्यात होते, पोरं ओढ्याकडं पळत होती, बायांनी केस सोडले होते. नवशानं पत्त्यांचा जोड काढून त्याच्यासाठी जागा केली. अनंतानं घरात डोकावलं. जिवली नव्हती.

"काकी कुठं?" त्यानं बारकूच्या थोरल्या पोराला विचारलं.

"देवीला. मंगलवारची तिथंच असते."

पाच मंगळवार दंडाचे होते. ते संपल्यावर तिनं सहावा केला, मग सातवा. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी थांबवलंही नाही. उजाडता जायची, झाडाखालची जागा सारवायची, पाणी घालायची आणि उपाशी तिथंच बसून राहायची, दिवेलागणीला परत. गावाला त्याची सवय झाली होती. आता तर बाया आपलं गाऱ्हाणं तिच्याजवळ सांगून जात.

दुपारी ती त्याला वाढायला म्हणून तेवढी घरी आली. पानात भात, वरईची भाकर, भाजी. आपण बाजूला बसली. केस कपाळाशी पांढरे होऊ लागले होते. भुवईतला व्रण होता तिथंच होता. अनंतानं तो पाहिला आणि तिच्या लक्षात आलं, तशी तिनं पदर पुढं ओढला.

"मला मंगलवारची सुट्टी झाली," तो म्हणाला. "आता दर मंगलवारी."

"बरं झालं. नवशाभाऊंना सोबत होईल."

"नि तुला?"

ती जमिनीवरचं एक शीत उचलून पानाच्या कडेला ठेवत राहिली. "माजे मंगलवार मी देवीला दिले."

"समदे?"

"समदे."

"त्यातला येखादा..." तो म्हणाला आणि थांबला.

"दिलेलं मागं कसं घ्यायचं? येकदा तिचा दिस घेतला व्हता." मग ती उठली. "भात लागंल आनखी?"

"नको."

ती गेल्यावर तो ओट्यावर येऊन बसला. नवशानं पत्ते पिसले. खेळ बरा चालला होता. अनंता दोन डाव जिंकलासुद्धा. बाया हसत होत्या, कुठंतरी कोणी ढोलकी जुळवीत होतं. जो दिवस त्यानं सात वर्षं मनात धरला होता तो त्याच्याभोवती पसरलेला होता, आणि त्यात त्याला करण्यासारखं काही नव्हतं. ऊन कलेपर्यंत बसून चाललं असतं. तो भर दुपारीच निघाला. वाट देवीच्या झाडावरून जात नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्यानं मुकादमाला सांगितलं, माझा मंगळवार दुसऱ्या कोणाला द्या. महिपतला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"अरे, लोकांनी देव पाण्यात घातले नि मिलत नाय. मंग कंचा वार पायजे तुला?"

अनंतानं दोनदा मान हलवली. महिपत खडू घेऊन थांबला होता, मागं गँगवाले आपापली घमेली उचलीत होते.

"कंचाबी," तो म्हणाला, आणि पहार खांद्यावर टाकून लाइनीकडे चालू लागला.